वरच्या धारेचं पाणी

इनायतचाचाची पखाल जाळली, तेव्हा रॉकेलचा डबा सावळीरामच्या हातात होता. डॉक्टरसाहेबांनी "ओत" म्हटलं आणि त्यानं ओतलं. ओलं कातडं लवकर पेटेना. नुसता धूर, आणि वास असा की बघायला जमलेली माणसंही नाकाला पदर लावून मागं सरली. इनायतचाचा मात्र जागचा हलला नाही. सव्वीस वर्षं जी पाठीवर वाहिली, तिच्याकडं तो बघत उभा होता. सावळीराम डब्याकडं बघत होता. डब्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

खरं म्हणजे त्या दिवशी जाळायचीच होती तर सावळीरामची बाटली जाळायला हवी होती. पण काच जळत नाही, आणि चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची रीत जगात जुनी आहे.

आता हा सावळीराम कोण, ते सांगायला हवं. सायखेड्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, मराठी सातवी पास, आणि नाशकात आरोग्याच्या कचेरीत नोकरीला. कागदोपत्री त्याचा हुद्दा काय होता देव जाणे, लोक त्याला बाटलीवाले म्हणत. पंचवटीच्या अंगाला चिंचघाट नावाचा एक घाट होता, तो त्याच्याकडं होता. चिंचघाट म्हणजे काही तीर्थ नव्हे. तिथं पिंडदानाला कुणी येत नसे. यायचे ते भाजीवाल्या बाया, टांगेवाले, तांबट, तालमीतले गडी, मोहल्ल्यातली माणसं. घाटाखाली पुरुषभर खोल डोह होता, आणि उन्हाळ्यात अख्खी गल्ली त्या डोहात पोहायला उतरायची. पायऱ्यांजवळच गल्लीचा नाला त्या डोहात येऊन पडत होता. तो सगळ्यांना रोज दिसत होता, म्हणूनच बहुधा कुणाला दिसत नव्हता.

सावळीरामचं काम असं, की दर सोमवारी पुण्याच्या प्रयोगशाळेतून आलेल्या काचेच्या बाटलीत चिंचघाटाचं पाणी भरायचं, बाटली बर्फात आणि लाकडाच्या भुशात बसवायची, आणि पेटी स्टेशनवर पोचवायची. आठवड्यानं चिठ्ठी यायची. पाणी चांगलं असेल तर घाटावर पांढरं निशाण, वाईट असेल तर लाल. लाल लागलं की आंघोळ बंद, पोहणं बंद. कचेरीचे मुख्य असलेल्या डॉक्टरसाहेबांनी पहिल्या दिवशी कसं भरायचं ते घाईघाईनं सांगितलं होतं आणि एक इंग्रजी छापील कागद हातात दिला होता. सावळीरामनं तो पेटीच्या तळाशी जपून ठेवला. इतका जपून, की पुन्हा काढला नाही.

त्याला गरजच वाटली नाही. गोदावरीला तिकडं गंगाच म्हणत, आणि गंगेचं पाणी भरणं त्याला कुणी शिकवायला नको होतं. नोकरी लागल्याचं सांगायला तो घरी गेला तेव्हा त्याची आई सगुणाबाई म्हणाली होती, "गंगंची तपासनी करनार तू? एवढा मोठा कवा झाला रे? बरं, सायबाची चाकरी हाय, कर. पन भरशील ते रीतीनं भर बाबा. गंगा हाय ती, आडाचं पानी नाय."

रीत म्हणजे काय, तर सूर्य उगवायच्या आत, अनवाणी, वाहत्या धारेकडं तोंड करून उभं राहायचं. तीन ओंजळी नदीच्या नदीला परत द्यायच्या. भांडं तीनदा विसळायचं. मग धारेतलं पाणी घ्यायचं, आणि झाकण बसेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. सायखेड्यात देव्हाऱ्यातला गडू पिढ्यान् पिढ्या असाच भरला जात होता. सावळीराम सरकारची बाटलीही तशीच भरू लागला. घाटाच्या वर, जिथं खडकांतून मोकळी धार यायची, तिथल्या कोपऱ्यात, पहाटे, एकही माणूस पाण्यात उतरायच्या आधी.

ते बघायला एकच माणूस असे, तो म्हणजे इनायत भिश्ती. चौकातल्या नळावर पखाल भरून तो फेरीला निघण्यापूर्वी घाटाच्या पायरीवर विडी ओढायला बसायचा. सावळीराम पाण्यात असेपर्यंत पेटी धरायचा आणि विडी विझवून ठेवायचा. एकदा म्हणाला, "सावळीरामभाऊ, सव्वीस वर्षं पाणी वाहतोय, पण इतक्या अदबीनं पाणी घेणारा माणूस मी पाहिला नाही. तुमच्या बाटलीत खोट निघायची नाही."

निघाली नाहीच. दर आठवड्याला चिठ्ठी यायची, पाणी उत्तम. साहेब खूश, गल्ली खूश, आणि सावळीराम तर असा खूश की गंगा जणू त्याच्याच घरी राहायला होती. चिंचघाटावर पांढरं निशाण कायम फडकत राहिलं.

मग दिवाळीनंतर पुण्याहून प्रयोगशाळेतला एक माणूस आला. त्यानं दुसऱ्या एका घाटावर सगळ्या कर्मचाऱ्यांना नमुना भरून दाखवला. सकाळी नऊला, भर गर्दीत, धोतर खोचून तो थेट आंघोळ करणाऱ्यांच्या घोळक्यात शिरला. कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला आणि तिथलंच पाणी त्यानं घेतलं. "माणूस जिथं नाकातोंडात पाणी घेतो तिथलं पाणी हवं," तो म्हणाला. "वरच्या धारेचं पाणी आम्हाला काय करायचंय? त्यात कोण बुडी मारतं? आणि ही बाटली भट्टीत भाजून आलेली असते, विसळायची नाही."

बाकीचे माना डोलावत होते. सावळीरामनं पाच महिने जे पुण्याला पाठवलं होतं ते चिंचघाटाचं पाणी नव्हतंच. ते चिंचघाटाला पोचायच्या आधीचं पाणी होतं.

त्याच दिवशी साहेबांना सांगितलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. साहेब रागावले असते, चार शब्द ऐकवले असते, एवढंच. सावळीराम त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलाही. पण साहेब पुण्याच्या पाहुण्याला सांगत होते, "आमच्या चिंचघाटाचे आकडे बघा, सबंध जिल्ह्यात असं पाणी नाही," आणि सावळीराम दारातून परत फिरला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यानं स्वतःला बजावलं. पुढच्या सोमवारपासून नीट भरू, मागचं मागं.

पुढच्या सोमवारी नऊ वाजता तो बाटली घेऊन खरंच गर्दीत उतरला. नाल्याचा फेस पायऱ्यांना चाटत होता. कुणी चूळ भरत होतं, कुणी लेकराचं ढुंगण धूत होतं. एक म्हातारा भटजी मोठ्यानं म्हणाला, "काय रे, गंगेची परीक्षा घेतोस? पास करशील ना तिला?" सगळे हसले. सावळीरामलाही हसावं लागलं. त्यानं खाली बघितलं आणि त्याच्या मनात आलं, की हे पाणी पुण्याला गेलं तर चिठ्ठी वाईट येणार. मग साहेब विचारणार, पाच महिने चांगलं होतं ते आजच कसं बिघडलं? आणि गंगेला वाईट म्हणणारी चिठ्ठी आपल्या हातून निघणार. तो बाटली तशीच घेऊन वर गेला आणि धारेतलं पाणी भरून आला. पहिल्या पाच महिन्यांची चूक होती. त्या सोमवारपासून पुढं जे झालं त्याला चूक म्हणत नाहीत.

खाई त्याला खवखवे म्हणतात, पण सुरुवातीला तर खवखवलंही नाही. हिवाळ्यात कोण पोहतं? फाल्गुनात ऊन तापलं तसा डोह पुन्हा भरू लागला. वाल्मीक नावाचा तालमीतला गडी होता, विशीतला, भाजीवाल्या अंबूबाईचा एकुलता एक भाऊ. आईबाप नसलेल्या त्या भावाला तिनं भाजी विकून वाढवलं होतं. तो चिंचेच्या फांदीवरून डोहात उडी घ्यायचा आणि तळाची माती मुठीत घेऊन वर यायचा. एका सोमवारी तो ओलेत्यानंच सावळीरामला म्हणाला, "बाटलीवाले, अंबूताई म्हणते नाल्याचं पाणी येतं, पोहू नको. तुम्ही सांगा, कसं आहे पाणी?"

सावळीरामनं पांढऱ्या निशाणाकडं बोट दाखवलं. "बिनघोर पोह," तो म्हणाला.

रामनवमी झाली, एकादशीचा रथ निघाला, बाहेरगावची माणसं आली आणि गेली, नदी आटून डोह नुसता साचल्यासारखा झाला, आणि चिंचघाटाच्या गल्लीत पटकी आली. नऊ दिवसांत चौदा माणसं पडली आणि पाच गेली. वाल्मीक सकाळी दंड थोपटत होता आणि दिवस मावळायच्या आत गेला. भावाला पोचवून अंबूबाईनं भाजीची टोपली शेजारणीला देऊन टाकली आणि ती माहेरच्या गावी, सायखेड्याला निघून गेली. सावळीरामच्याच गावची लेक होती ती.

डॉक्टरसाहेब वाईट माणूस नव्हते. नऊ दिवस ते झोपले नव्हते, घरोघर जाऊन स्वतः सुया टोचत होते. टेबलावर गल्लीचा नकाशा पसरून ते म्हणाले, "नदी नाही, चिठ्ठी माझ्या हातात आहे. आडात औषध टाकलंय. मग राहिलं काय?" राहिला तो टांगा अड्ड्यावरचा रांजण. तो रांजण इनायत भरायचा, आणि येणाराजाणारा त्यातलं पाणी प्यायचा. सावळीराम समोर उभा होता. त्याला ठाऊक होतं की गेलेल्या पाचांतल्या तिघींनी त्या रांजणाला कधी हातही लावला नव्हता. भिश्त्याचं पाणी त्यांच्या घरात चालतच नसे. तो फक्त म्हणाला, "होय साहेब." दुसऱ्या दिवशी इनायतचाचाचा पाणी वाहण्याच्या परवान्याचा पितळी बिल्ला काढून घेतला आणि पखाल जाळली.

त्या दिवसापासून सावळीराम टांगा अड्ड्याची वाट टाळू लागला. तरी कबूल करावं असं मनात येईना. येत होती ती युक्ती. सोमवारी तो नऊ वाजता घाटावर गेला, कमरेइतक्या पाण्यात उतरला आणि पुण्याच्या माणसानं दाखवलं होतं तसंच, तिथलंच पाणी भरलं. चिठ्ठी वाईट येईल, साहेबांना कळेल की दोष नदीचा होता, चाचाला बिल्ला परत मिळेल, आणि आपलं नाव कुठंच येणार नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं त्याला वाटलं.

चिठ्ठी आली. इतकी वाईट, की खाली प्रयोगशाळेनं तांबड्या शाईनं रेघ मारली होती. साहेबांनी त्याच तासाला लाल निशाण लावलं आणि घाटावर पोलीस बसवला. मग खुर्चीत टेकून ते म्हणाले, "बघितलंस सावळीराम? रोग्यांचे कपडे धुऊन धुऊन नदीसुद्धा बिघडवली. दहा महिने इतकी निर्मळ होती! त्या एका भिश्त्यापायी गंगा नासली."

सावळीरामच्या दहा महिन्यांच्या खोट्या बाटल्यांनी खऱ्या बाटलीलाही खोटं पाडलं होतं. घाट बंद झाला होता, आता तिथं कुणी मरणार नव्हतं. तोंड न उघडण्यासाठी एवढं कारण पुरे होतं. राहिला होता फक्त एक म्हातारा भिश्ती, आणि कुणालाही त्याची पडलेली नव्हती.

दोन दिवसांनी त्या म्हाताऱ्याचाच निरोप आला. एक कागद लिहायचाय, सवडीनं या.

नदीपलीकडच्या मोहल्ल्यात इनायतचाचाचं एक खोलीचं घर होतं. दुपारची वेळ होती. नात सितारा चुलीपाशी बसली होती. चाचानं चटई झटकून दिली. पाठीवर ओझं नसल्यामुळं तो सरळ व्हायला हवा होता, पण अजून तसाच वाकून चालत होता.

"पाणी विचारत नाही, राग मानू नका," तो म्हणाला. "या घरचं पाणी मी कुणाला देत नाही आता. आम्हीसुद्धा शेजारच्या हाजराबीच्या घरून आणतो प्यायला. हे माठातलं फक्त हात धुवायला."

"का चाचा?"

"का म्हणजे? भांडी तीच, हात तेच." त्यानं आपले पंजे उलटसुलट करून बघितले. "पहिल्या दिवशी मी रागावलो होतो, भाऊ. म्हटलं, माझ्या पाण्यात खोट नाही, साहेब बेइन्साफी करतायत. मग रात्रंदिवस विचार केला. नदी चांगली, हे तर खरंच. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय तुम्ही कसं भरता ते. तुमची बाटली खोटं बोलणार नाही. म्हणजे मग माझीच पखाल. कातडं जुनं झालं होतं, आतून धुतलं गेलं नसेल. मला कळलं नाही, पण माणसं तर गेलीच ना?"

सावळीरामनं बरोबर आणलेल्या दौतीचं बूच काढलं.

"चार घरी जाऊन आलो माफी मागायला," चाचा सांगत होता. "एका घरी दार लावून घेतलं. एका घरी म्हातारी थुंकली. दोन घरी काहीच बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. ते सगळ्यात वाईट. आता अंबूबाई राहिली. ती तुमच्या सायखेड्याला गेली म्हणतात, एवढं चालवत नाही मला. तुम्ही लिहा, मी सांगतो."

सावळीरामनं कागद मांडीवर घेतला. चाचा डोळे मिटून, शब्द शोधत सांगू लागला. "अंबूबाईस इनायत भिश्त्याचा सलाम. तुमचा भाऊ माझ्या पाण्यानं गेला. मी जाणूनबुजून केलं नाही, पण केलं मीच. अल्लाह मला विचारील तेव्हा मी नाही म्हणणार नाही. तुम्हाला शिव्या द्यायच्या असतील तर द्या, मी ऐकून घेईन. लिहिलं?"

टाक कागदावर फिरत होता. सावळीराम बराच वेळ लिहीत राहिला, चाचाचं सांगणं संपल्यावरही.

"वाचून दाखवा," चाचा म्हणाला.

सावळीराम वाचू लागला. त्याला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटत होता. "अंबूबाईस सायखेड्याच्या सावळीरामचा नमस्कार. तुमचा भाऊ नदीच्या पाण्यानं गेला. ते पाणी वाईट होतं. साथ येईपर्यंत मी बाटलीत घाटाचं पाणी कधी भरलंच नाही, वरच्या धारेचं भरलं, म्हणून निशाण पांढरं राहिलं. वाल्मीकनं मला विचारलं होतं आणि मी पोह म्हणालो. इनायत भिश्त्याचा यात काही दोष नाही. त्याची पखाल स्वच्छ होती."

चुलीपाशी सितारानं हातातली फुंकणी खाली ठेवली. चाचानं डोळे उघडले होते.

"स्वच्छ होती?" त्यानं विचारलं.

"होती चाचा."

"माझ्या पाण्यानं कुणी गेलं नाही?"

"नाही."

चाचानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे हलत होते. सावळीरामला वाटलं, आता हा शिव्या देईल, अंगावर येईल, आणि मग जरा बरं वाटेल. पण चाचानं हात काढले तेव्हा त्याचा चेहरा शांत होता. त्यानं विचारलं ते हळूच, पाण्याची खेप कुठं टाकायची हे विचारावं तसं.

"वरचं पाणी चालत नाही हे तुम्हाला कधी कळलं?"

हे कागदात नव्हतं. कागदात सावळीरामनं ते लिहिलं नव्हतं, आणि आत्ताही, एवढं सगळं सांगून झाल्यावरही, 'परवा कळलं' म्हणायला त्याची जीभ वळवळली. त्यानं ती आवरली.

"दिवाळीनंतर," तो म्हणाला.

"आणि माझी पखाल जाळली चैत्रात."

"होय."

"तेल तुम्हीच ओतलं."

"होय चाचा."

इनायतचाचा उठला. कोपऱ्यातल्या माठापाशी गेला, लोटा बुडवून भरला. "दादाजी, ते पाणी..." सितारा म्हणाली. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. उभ्यानंच, डोकं मागं टाकून तो पाणी प्यायला, सगळा लोटा, मधे श्वास न घेता. दाढीवरून, मानेवरून पाणी गळत होतं. मग त्यानं दुसरा लोटा भरला आणि नातीपुढं धरला. तीही प्यायली.

"अल्लाह तुम्हाला माफ करील, भाऊ," तो चटईवर बसत म्हणाला. "तो मोठा आहे. मला वेळ लागेल. दिवाळीचंही लिहा त्यात. आणि दोन कागद करा, एक साहेबांना."

सावळीरामनं दुसरा कागद पुढं ओढला. घसा कोरडा पडला होता, आणि माठ हाताच्या अंतरावर होता. त्याला कुणी पाणी विचारलं नाही, आणि त्यानंही मागितलं नाही. त्यानं टाक शाईत बुडवला आणि पहिल्या ओळीपासून लिहायला सुरुवात केली.